जुन्या ट्रकचं इंजिन ऑईल तपासायला देताना: बाटली भरण्याआधीची कामं आणि रिपोर्ट आल्यानंतरची घाई

कळंबोलीत स्टील मार्केटच्या मागच्या रस्त्यावर ऑईल बदलताना बहुतेक वेळा असं होतं. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, नट सुटतो, तेल घमेल्यात पडतं, पार निथळतं आणि मग कुणाला तरी आठवतं की शेठनी या वेळी तेल तपासायला पाठवायला सांगितलं होतं. केबिनमधली पाण्याची रिकामी बाटली शोधली जाते, घमेल्यातलं तेल त्यात ओतलं जातं आणि वर मार्करने गाडीचे शेवटचे चार आकडे पडतात. आठवड्याने रिपोर्ट येतो: पाणी सापडलं, सिलिकॉन जास्त. मिस्त्री म्हणतो, हेड गॅसकेट गेलंय, म्हणजे रेडिएटरचं पाणी तेलात उतरतंय, इंजिन खोलू. पाणी बाटलीतलं असतं आणि सिलिकॉन घमेल्यातल्या मातीचं.

हा लेख प्रदूषणाच्या बीएस-३ नियमांच्या किंवा त्याआधीच्या गाड्यांसाठी आहे. मेकॅनिकल डिझेल पंप, १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० ग्रेडचं तेल, दोन-तीनदा इंजिनाचं काम झालेलं, आणि ठाणे, भिवंडी, तळोजा, न्हावाशेवा या पट्ट्यात रोज पळणारी गाडी. नव्या गाड्यांनाही यातलं बरंच लागू पडतं, पण त्यांचे आकडे वेगळे असतात.

तेलात उतरलेल्या धातूंवरून इंजिनाची झीज कळते, पण सुरू करण्याआधी एक मर्यादा ध्यानात ठेवा. प्रयोगशाळेचं धातू मोजणारं यंत्र साधारण पाच ते आठ मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट पाहू शकतं. त्यामुळे रिंग-लायनरची (पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचं अस्तर) सावकाश होणारी झीज, धूळ, बेरिंगची सुरुवातीची झीज त्याला दिसते. बेरिंगचा पत्रा सुटून मोठे तुकडे पडत असतील तर ते कदाचित दिसणारही नाहीत. त्यासाठी फिल्टर फाडून बघावा लागतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

## १. आधी वही, मग बाटली

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हा टप्पा लांब आहे.

रिपोर्टमध्ये लोखंड ४८ पीपीएम (दहा लाखात ४८ भाग) असं लिहून येतं. हे तेल किती किलोमीटर चाललं ते माहीत नसेल तर या आकड्याला काही अर्थ नाही. चार हजार किलोमीटरला ४८ ही धोक्याची गोष्ट आहे, पंधरा हजाराला ४८ असेल तर जुन्या इंजिनासाठी ठीकच म्हणायचं. म्हणून प्रत्येक गाडीसाठी एक वेगळी वही करा आणि त्यात एवढं लिहा:

१. तेल बदललं ती तारीख आणि त्या वेळचे किलोमीटर.
२. नवं तेल किती लिटर बसलं. मॅन्युअलमधला आकडा उतरवू नका. फिल्टर बदलून तेल मोजायच्या पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत खरोखर किती गेलं ते मोजून लिहा.
३. तेलाचा ब्रँड, ग्रेड आणि डब्यावरचा बॅच क्रमांक.
४. मध्ये टाकलेलं प्रत्येक टॉप-अप, तारखेसह आणि लिटरमध्ये.
५. इंजिनावर झालेलं कोणतंही काम: नोझल (डिझेल फवारणारं तोंड), हेड, टर्बो, ऑईल कूलर, नुसतं गॅसकेट लावून सिलंट मारलं असेल तर तेसुद्धा.

जुन्या गाडीचा मीटर बंद असणं ही आपल्याकडे बातमी नाही. मीटर बंद असेल तर जीपीएसचे किलोमीटर घ्या, तेही नसतील तर फेऱ्यांच्या हिशोबावरून काढा. मात्र एकदा एक पद्धत धरली की तीच कायम ठेवा.

बंदरावर जाणाऱ्या गाड्यांना किलोमीटर पुरत नाहीत. न्हावाशेव्याच्या रांगेत गाडी तासन्‌तास चालू ठेवून उभी असते. मीटर हलत नाही, पण तेल घासलं जातच असतं, आणि आयडलवर इंजिन पुरेसं तापत नसल्यामुळे काजळी आणि कच्चं डिझेल तेलात जास्त उतरतं. अशा गाडीला जनरेटरला लावतात तसला साधा अवर मीटर बसवून घ्या, किंवा जीपीएसमधून इग्निशन चालू असलेले तास काढा. ठाणे-नाशिक पळणारी गाडी आणि उरणला उभी राहणारी गाडी एकाच किलोमीटरच्या फुटपट्टीने मोजू नका.

टॉप-अपचं सांगायचं तर ड्रायव्हर म्हणतो, "थोडं टाकलं." हे थोडं म्हणजे अर्धा लिटरही असतं आणि तीन लिटरही. केबिनमध्ये एक लिटरचं खुणा असलेलं माप ठेवा. टाकलं की लगेच फोनवर कळवायचं, वहीत नोंद तुम्ही करायची. इंजिन तेल खात असेल तर ड्रायव्हरला बोलणी बसतील या भीतीने तो आकडा कमी सांगतो. बोलणी न बसण्याची खात्री त्याला आधीच देऊन ठेवा.

इथे थांबून तपासा: हे तेल किती चाललं, मध्ये किती टाकलं, कोणतं तेल आहे, या तिन्हींची उत्तरं वहीत नसतील तर या वेळी नमुना पाठवू नका. तेल बदला, वही सुरू करा आणि पुढच्या बदलाला पाठवा.

## २. प्रयोगशाळा ठरवा आणि कोऱ्या तेलाचाही नमुना द्या

नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे महापे, रबाळे, तुर्भे या भागात, आणि ठाण्यात वागळे इस्टेटला चाचणी प्रयोगशाळा आहेत. पण पाणी, रसायनं किंवा बांधकामाचं साहित्य तपासणारी प्रत्येक प्रयोगशाळा वापरलेल्या इंजिन ऑईलचं पूर्ण काम करते असं नाही. एनएबीएलच्या, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, संकेतस्थळावर प्रत्येक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला नेमक्या कोणत्या चाचण्यांची मान्यता आहे त्याची यादी असते. आधी ती बघा, मग फोन करा. तेल कंपन्यांच्या वितरकांमार्फतही तपासणी होते, पण तिथे जाताना आपण त्यांचंच तेल वापरत असलेलं बरं.

फोनवर हे विचारा:

१. धातू आयसीपीवर (धातू मोजणारं यंत्र), एएसटीएम डी ५१८५ या प्रमाणित पद्धतीने मोजता का?
२. १०० अंश सेल्सिअसला विस्कॉसिटी (तेलाचा घट्टपणा), टीबीएन (आम्ल मारायची तेलाची ताकद), पाणी, डिझेलची भेसळ आणि काजळी हे सगळं एका पॅकेजमध्ये येतं, की प्रत्येकाचे पैसे वेगळे?
३. टीबीएन कोणत्या पद्धतीने काढता? डी २८९६ आणि डी ४७३९ या दोन पद्धती आहेत. वापरलेल्या तेलावर पहिली सहसा जास्त आकडा दाखवते. एका वेळी एक आणि दुसऱ्या वेळी दुसरी वापरली तर तुलना फुकट जाते.
४. नमुन्याची बाटली तुम्ही देता का?

प्रयोगशाळा एकदा ठरवली की दोनशे रुपये वाचतात म्हणून बदलू नका. दोन ठिकाणच्या आकड्यांत थोडा फरक पडतोच, आणि आपल्याला तर थोड्याच फरकाचा माग काढायचा आहे.

आता बहुतेकजण टाळतात ती गोष्ट. त्याच ब्रँडच्या, त्याच ग्रेडच्या सीलबंद डब्यातलं कोरं तेलही एकदा तपासून घ्या. कोऱ्या तेलातही कॅल्शियम, झिंक, फॉस्फरस असतात. काही तेलांत बोरॉन, मॉलिब्डेनम किंवा थोडं सिलिकॉनही असतं, कारण फेस न येण्यासाठी घालतात तो पदार्थ सिलिकॉनचा असतो. कोऱ्यातच ६ पीपीएम सिलिकॉन असेल तर वापरलेल्यातल्या १४ पीपीएमपैकी धुळीचं किती ते तेव्हाच कळेल. ड्रमातलं सुटं तेल घेणाऱ्यांना आणखी एक फायदा होतो. ड्रमावर लिहिलंय तेच आत आहे का, हे या एका तपासणीत उघडं पडतं.

इशारा: ब्रँड बदलला की कोऱ्याचा नमुना पुन्हा द्या. ब्रँड बदलल्यावर काही गाड्यांत तांबं एकदम चढतं. ऑईल कूलरच्या नळ्यांवरचा जुना थर नव्या तेलातल्या रसायनांमुळे सुटतो म्हणून तसं होतं. ती बेरिंगची झीज नसते.

## ३. नमुना कधी घ्यायचा

तेल बदलायच्या वेळीच घ्या, आणि दर वेळी साधारण तेवढ्याच किलोमीटरला. आधीचा बारा हजाराला आणि पुढचा पाच हजाराला घेतला तर हिशोब करता येतो, पण तो डळमळीत होतो. तेल बदलल्यावर पहिल्या दीड-दोन हजार किलोमीटरमध्ये नमुना घेऊ नका. चेंबर कितीही निथळला तरी कूलर, गॅलरी आणि नळ्यांत जुनं तेल थोडं उरतंच, आणि सुरुवातीच्या आकड्यांत त्याचीच छाया जास्त असते.

टॉप-अप केल्या केल्या नमुना घेऊ नका. आधी नमुना, मग टॉप-अप.

इंजिन पूर्ण गरम हवं. शिळफाट्याहून कळंबोलीपर्यंत भरलेली गाडी चालवत आणली की काम झालं. नुसतं वीस मिनिटं आयडलवर ठेवलं तर कूलंट तापतं, तेल तेवढं तापत नाही. बंद केल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत नमुना निघाला पाहिजे. रात्रभर उभ्या गाडीतले जड कण आणि पाणी तळाशी बसतात. मग पहिल्या धारेत नको तेवढं येतं आणि पुढच्या धारेत हवं तेही येत नाही.

## ४. नमुना काढणं

दोन रस्ते आहेत. तेल बदलतच असाल तर नटातून. मध्येच बघायचं असेल तर पट्टीच्या नळीतून, हातपंपाने.

### नटातून काढताना

१. बाटलीचं लेबल कोरड्या हाताने आधीच भरा. तेलकट बाटलीवर शाई धरत नाही, आणि चार गाड्यांचं काम एका दुपारी असेल तर बाटल्यांची अदलाबदल हमखास होते.
२. नटाभोवतीचा चिखल आधी तारेच्या ब्रशने, मग डिझेलच्या फडक्याने आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसा. खडी वाहणाऱ्या गाडीचा चेंबर असेल तर हे दोनदा करा.
३. नट सोडा आणि पहिली धार घमेल्यात जाऊ द्या. चेंबरमधलं साधारण एक तृतीयांश तेल गेल्यावर बाटली धारेखाली धरा.
४. पाऊण बाटली भरली की बाजूला घ्या. काठोकाठ भरू नका. प्रयोगशाळेत ती हलवून घेतात, त्याला वरती जागा लागते.
५. झाकण तिथल्या तिथे घट्ट लावा, मग बाटली बाहेरून पुसा.
६. पहिल्याच मिनिटाला झाकण उघडून ठेवू नका. बाटली उघडायची ती धारेखाली धरण्याच्या क्षणाला.

इशारा: तेल ऐंशी-नव्वद अंशांवर असतं आणि धार सरळ खाली पडत नाही, आधी बाजूला उडते. जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्या. बाटली हाताने धरणारा आणि नट सोडणारा एकच माणूस नको.

### पट्टीच्या नळीतून काढताना

इंजिन बंद. नवी प्लास्टिकची नळी पट्टीशेजारी धरून मापा आणि पट्टीच्या खालच्या टोकापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त लांबीवर खूण करा. त्याहून खोल घातली तर नळी चेंबरच्या तळाला टेकते आणि तिथला गाळ ओढते. एका गाडीला वापरलेली नळी दुसऱ्या गाडीला वापरू नका. धुऊनही नको. नळीची किंमत चहाएवढी आहे.

### बाटली

प्रयोगशाळेचीच घ्या. ती नसेल तर औषधाच्या दुकानात मिळते तशी नवी, कोरडी, कधीच न वापरलेली प्लास्टिकची शंभर मिलिलिटरची बाटली. पाण्याची, सरबताची, ब्रेक ऑईलची बाटली धुऊन चालत नाही. पावसाळ्यात तर नमुना छताखालीच काढा. गाडीखाली छत्री धरून काढलेल्या नमुन्यात पाण्याचे दोन थेंब पडले तरी रिपोर्टमध्ये गॅसकेट गेल्यासारखं दिसतं.

उरलेलं वापरलेलं तेल गटारात किंवा रस्त्याच्या कडेला सोडू नका. २०१६च्या घातक कचरा नियमांत ते मोडतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्यालाच ते द्यायचं असतं. भाव कमी मिळतो, पण तुम्ही विकलेलं तेल गाळून पुन्हा ‘नवं’ होऊन तुमच्याच ड्रमात येत नाही.

## ५. फिल्टर फाडून बघा

प्रयोगशाळेला न दिसणारे मोठे कण फिल्टरमध्ये अडकतात, म्हणून ही पायरी सोडायची नाही. कार्ट्रिज फिल्टर असेल तर कात्रीने कागद कापून काढा. डब्याचा फिल्टर असेल तर फिल्टर कटर वापरा. हॅकसॉने कापलात तर पातीचा भुसा आत पडतो आणि तुम्ही त्यालाच इंजिनाची झीज समजता.

कागदाच्या घड्या उलगडा, तेल निथळू द्या, पांढऱ्या ताटलीत स्वच्छ डिझेलने धुवा. उन्हात धरा. चमकणारे कण दिसले तर कागदाखालून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले तर लोखंड: लायनर, रिंग, कॅम, गिअर. न चिकटणारे रुपेरी कण बेरिंगचे किंवा पिस्टनचे, पिवळसर असतील तर बुशाचे. दोन-चार बारीक ठिपके जुन्या इंजिनात असतातच. घडी-घडीत चकाकी दिसली किंवा नखाला लागेल असा पापुद्रा निघाला, तर रिपोर्टची वाट न बघता गाडी उभी करा.

फोटो काढून वहीत तारखेसह ठेवा. मागच्या फिल्टरशेजारी ठेवल्याशिवाय हे जास्त की कमी ते कळत नाही.

## ६. रिपोर्ट कोणत्या क्रमाने वाचायचा

सगळे आधी लोखंडाचा आकडा बघतात. तो शेवटी बघा.

पहिलं, विस्कॉसिटी. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० तेलाची १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते. त्याखाली घसरली तर डिझेल मिसळलंय किंवा कुणीतरी पातळ ग्रेड टॉप-अप केलाय. वर चढली तर काजळी वाढलीय, तेल जळून घट्ट झालंय किंवा २०डब्ल्यू-५० पडलंय. वहीतली टॉप-अपची नोंद इथे कामाला येते.

दुसरं, डिझेलची भेसळ. दोन टक्क्यांच्या वर गेली की नोझल तपासायला काढा. पाचच्या आसपास असेल तर तेल आजच बदला. गळणारं नोझल हे पहिलं कारण, डिझेल पंपाचं किंवा फीड पंपाचं सील हे दुसरं. रांगेत तासन्‌तास आयडलवर उभी राहणारी गाडी हे तिसरं, आणि त्याला मिस्त्री काही करू शकत नाही.

तिसरं, पाणी आणि कूलंट. ०.२ टक्क्यांच्या वर पाणी ही गंभीर गोष्ट आहे. पण पाणी नाही म्हणजे कूलंट गळत नाही, असं समजू नका. गरम इंजिनात पाणी उडून जातं आणि मागे कूलंटमधलं सोडियम, पोटॅशियम, कधी बोरॉन राहतं. कोऱ्या तेलाच्या तुलनेत हे वाढलेले दिसले तर हेड गॅसकेट, लायनरचे रबर रिंग आणि ऑईल कूलर, असं तिन्हीकडे बघा. यात आपल्याकडची एक मेख आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये कूलंट नसतंच, नळाचं पाणी असतं. मग ही खूण नीट उमटत नाही. त्या गाडीत रेडिएटरची पातळी रोज किती उतरते हेच बघावं लागेल.

घरच्या घरी बघायचं तर गरम तव्यावर तेलाचा एक थेंब टाका, चेहरा लांब ठेवून. तडतडलं तर पाणी आहे. तडतडलं नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

चौथं, काजळी आणि टीबीएन. तेल काळं झालं म्हणून ते संपलं, असं नाही. डिझेल इंजिनाचं तेल काही शे किलोमीटरमध्येच काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. काजळी तीन टक्क्यांच्या पुढे गेली की एअर फिल्टर, पंपाचं टायमिंग आणि टर्बोकडे लक्ष द्या. टीबीएन कोऱ्याच्या निम्म्याखाली आला तर तेल बदलायची वेळ झाली. डिझेलमधल्या गंधकापासून तयार होणारं आम्ल हा टीबीएन खातं. बीएस-३ डिझेलमध्ये ३५० पीपीएम गंधक असायचं, आताच्या बीएस-६ डिझेलमध्ये १० पीपीएम आहे. म्हणून जुन्या गाडीतही टीबीएन आता पूर्वीपेक्षा सावकाश उतरतो. झपाट्याने उतरत असेल तर तेलावरच शंका घ्या.

पाचवं, धातू. एकेक बघू नका, जोडीने बघा.

सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोखंड आणि क्रोमियम एकत्र चढले तर धूळ आत जातेय आणि रिंग-लायनर घासले जातायत. नुसतं सिलिकॉन चढलं, बाकी जागेवर, आणि नुकतंच गॅसकेटला सिलंट मारलं असेल तर ते सिलंटचं आहे, पुढच्या दोन तेलबदलांत उतरेल. शिसं, कथील आणि तांबं एकत्र चढले तर बेरिंग. ऑईल प्रेशर गरम इंजिनावर गेज लावून मोजा. तांबं एकटंच चढलं तर आधी ऑईल कूलर आणि ब्रँडबदल आठवा. लोखंड एकटंच चढलं आणि गाडी महिनाभर पावसात उभी होती, तर आतल्या गंजाचाही विचार करा.

## ७. आकडा नाही, दर काढा

रिपोर्टमधला आकडा जसाच्या तसा मागच्याशी लावू नका. आधी दर हजार किलोमीटरचा हिशोब करा.

समजा मागच्या वेळी बारा हजार किलोमीटरला लोखंड ४८ होतं. म्हणजे हजाराला ४. या वेळी नऊ हजाराला ४५ आलं. वरवर पाहता आकडा उतरला. पण हजाराला ५ झाले, म्हणजे झीज सव्वापट झाली. हाच रिपोर्ट बघून मालक खूश झालेले मी पाहिलेत.

दुसरी दुरुस्ती टॉप-अपची. इंजिन तेल खातं तेव्हा त्यातले धातूही थोडे जातात आणि वरून कोरं तेल पडतं, म्हणून आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. अंदाजासाठी एक सोपा हिशोब पुरतो. एकूण टॉप-अपला चेंबरच्या क्षमतेने भागा, त्याचं निम्मं करा, तेवढ्या हिश्श्याने आकडा वाढवा. चेंबर १४ लिटरचा आणि टॉप-अप ५.६ लिटर, म्हणजे ४० टक्के. त्याचं निम्मं २० टक्के. रिपोर्टमधलं लोखंड ५० असेल तर ते ६० धरा. टॉप-अप चेंबरच्या निम्म्याहून जास्त असेल तर या हिशोबावर विसंबू नका. तितकं तेल खाणाऱ्या इंजिनाचं दुखणं तसंही बाहेर दिसतच असतं.

तीन रिपोर्ट होईपर्यंत कोणताही मोठा निर्णय नको. अपवाद तीन गोष्टींचा: कूलंट, पाच टक्क्यांजवळचं डिझेल, आणि फिल्टरमधला पापुद्रा. रिपोर्टमधली छापील मर्यादा सर्वसाधारण इंजिनांसाठी असते. तुमच्या इंजिनाची मर्यादा तुमच्याच आधीच्या तीन आकड्यांतून निघते.

इंजिनाचं काम झालं की जुनी ओळ संपली. नव्या रिंगा बसताना पहिल्या तेलात धातू जास्त येणारच. तिथून नवं पान सुरू करा.

## ८. दर वाढला तर काय करायचं, कोणत्या क्रमाने

पहिलं काम इंजिन खोलणं नाही. पहिलं काम पुन्हा नमुना घेणं, दोन-तीन हजार किलोमीटरनंतर, पट्टीच्या नळीतून, नव्या बाटलीत. दुसरा आकडाही तसाच आला तर स्वस्तापासून महागाकडे जा: एअर फिल्टर आणि पाइप, नोझल, ऑईल प्रेशर, ब्रीदरचा (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचा) धूर, कॉम्प्रेशन, आणि मग इंजिन.

आमच्या एका गाडीचं सांगतो. कळंबोली-भिवंडी फेऱ्या, मुंब्रा बायपासची धूळ रोजची. सिलिकॉन दोन रिपोर्टांत तिप्पट झालं, सोबत लोखंड आणि क्रोमियमही. गॅरेजवाल्याने रिंगा टाकायचा अंदाजे खर्च लिहूनही दिला. मी एअर फिल्टरनंतरचा रबरी पाइप काढून आतून पांढरं फडकं फिरवलं. फडकं तपकिरी झालं. फिल्टरच्या पुढच्या पाइपात धूळ असायलाच नको. पाइपाच्या खालच्या अंगाला, क्लिपपाशी, बोटभर चीर होती, वरून कुणाला दिसणारी नव्हती. शिवाय हेल्पर एअर फिल्टर कॉम्प्रेसरने बाहेरून मारायचा, त्याने कागदही दोन जागी फाटला होता. पाइप, दोन क्लिप आणि नवा फिल्टर एवढ्यावर सिलिकॉन पुढच्या रिपोर्टला मूळ जागेवर आलं. लोखंडाचा दर मात्र पूर्ण उतरला नाही. जी झीज होऊन गेली होती ती गेलीच, आणि ती गाडी आता हजाराला अर्धा-पाऊण लिटर जास्त तेल खाते.

तपासा: फडक्याची ही परीक्षा रिपोर्ट नसतानाही दर सहा महिन्यांनी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

## ९. बाटली पाठवूच नये अशा गाड्या

ब्रीदरमधून धूर भसाभस येतोय, गरम झाल्यावर ऑईल प्रेशरचा दिवा आयडलला लुकलुकतोय, ठोक्याचा आवाज येतोय, अशा गाडीचं तेल तपासून काही नवं कळणार नाही. तिला आधी गॅरेज लागतं.

येत्या सहा महिन्यांत विकायची असेल, तरीही नको. तीन रिपोर्ट होईपर्यंत गाडी तुमच्याकडे नसेल, आणि घेणारा एकटा रिपोर्ट बघून काही ठरवणार नाही. त्याच्याकडे सगळी वही दिलीत तर मात्र तो नीट वाचेल. मी स्वतः जुनी गाडी घेताना आधी टॉप-अपचं पान मागतो.